फ्रीजमधल्या किल्ल्या

सामसूम स्वयंपाकघरात फ्रीजनं एकदम घर्र केलं, तशी टोपीला पिन लावणारी व्हर्नेल ओरडली, "कट!"

दारात बूट घालून तयार उभी असलेली तिची सहा वर्षांची पणती नायला खुदकन हसली. "आजी, तू सारखी फ्रीजवर का ओरडतेस?"

"माझं सिनेमातलं नशीब त्यानंच नासवलं, म्हणून. चल, बस चुकेल."

पन्नासेक वर्षांपूर्वी ह्याच स्वयंपाकघरात सिनेमा तयार झाला होता. लूशियन हा गल्लीतलाच पोरगा, विद्यापीठात सिनेमा शिकणारा. शुक्रवारी तिथला कॅमेरा उसना आणायचा, सोमवारी परत करायचा आणि मधल्या वेळात वॉट्स ह्या त्यांच्या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना नट करायचं, अशी त्याची आणि त्याच्या दोस्तांची रीत. मेहनताना म्हणजे पोटभर जेवण. तेही नटांनीच रांधलेलं.

व्हर्नेलचा नवरा रॉस्को बस डेपोत मेकॅनिक. त्यानं आधी नीट चौकशी केली.

"मी मरतो का ह्यात?"

"नाही, मिस्टर रॉस्को."

"दरोडा घालतो?"

"नाही हो."

"काळा माणूस सिनेमात, आणि मरत नाही की चोरत नाही? मग करतो तरी काय?"

"कामावरून घरी येता. हात धुता. जेवायला बसता."

"अरे, हे मी रोज करतो! बायको ढुंकून बघत नाही, तिकीट काढून कोण बघणार?"

पण दुसऱ्या दिवशी गडी दोनदा दाढी करून हजर.

आवाज टिपताना फ्रीजची घरघर नको म्हणून त्याचा प्लग काढावा लागे. तो परत लावायचं विसरू नये म्हणून लूशियन स्वतःच्या गाडीच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायचा. किल्ल्यांसाठी फ्रीज उघडला की आतला अंधार बघून प्लग आठवणारच. बिनतोड युक्ती. फक्त शेवटच्या दिवशी त्याची गाडी बिघडली आणि तो बसनं आला.

त्या दिवशी जेवणाचा प्रसंग होता. लिहून दिलेलं वाक्य सोडून रॉस्कोनं भलतंच काहीतरी म्हटलं, आणि व्हर्नेल अशी हसली की हातातलं ताट कलंडलं. लूशियननं ते सिनेमात तसंच ठेवलं. मंडळी खुशीत घरी गेली. चर्चच्या जेवणासाठी आणलेले मासे आणि कोंबड्या मात्र बंद फ्रीजमध्ये राहिल्या, ऐन ऑगस्टच्या उकाड्यात. सोमवारी तिनं फ्रीजचं दार उघडलं. पास्टर आले ते अंगणातूनच आशीर्वाद देऊन परत गेले. त्या रामायणात रॉस्को काय म्हणाला होता, ते तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं.

आता रॉस्को जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्याचा आवाज कुठेच नव्हता. घरच्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या निरोपातसुद्धा तिचाच आवाज. "बोलायची हौस तुला, तूच बोल," म्हणाला होता. म्हणून विद्यापीठानं त्या काळातल्या पोरांचे सिनेमे पुन्हा दाखवायचे ठरवल्याचं कळल्यापासून ती रोज टोपी घालून बघत होती. तिला तो आवाज ऐकायचा होता, बस.

थिएटरच्या दारात पांढऱ्या दाढीचा लूशियन धावत आला. "मिस व्हर्नेल, आत जायच्या आधी एक सांगायचंय—"

"माझ्या माशांबद्दल असेल तरच सांग."

"तसं नाही, ते शेवटचं रीळ—"

"आणि कोंबड्यांबद्दल. प्रोफेसर झालास, पण माझा फ्रीज तू विसरलास, मी नाही विसरले." भोवतालची पोरं हसली. लूशियनही हसला, आत तिच्याशेजारी जाऊन बसला, आणि तेवढ्यात दिवे मालवले.

पडद्यावर गल्ली आली. कुंपणावरून भांडणाऱ्या शेजारणी आल्या, कुत्रं भुंकलं, चर्चमधलं गाणं ऐकू आलं. मग स्वयंपाकघर. दार उघडून रॉस्को आला आणि आवाज गेला.

लूशियन कानाशी वाकला. "ह्या रिळाच्या आवाजाची टेप आईच्या गॅरेजात होती. उन्हानं खाल्ली. हेच सांगत होतो. माफ करा मला."

व्हर्नेलनं त्याचा हात थोपटला, नजर न काढता. रॉस्कोनं हात धुतले. बोटांच्या पेरांतलं काळं वंगण निघेना, तसं नखानं खरवडलं, रोज खरवडायचा तसंच. तो बसला. सगळं थिएटर गप्प. वरच्या एसीची तेवढी घरघर. कुणीतरी त्याचा प्लग काढायला हवा होता.

रॉस्को पुढे झुकला. ओठ हलले. समोरची तरणी बाई डोकं मागे टाकून हसली, ताट कलंडलं, वाटाणे टेबलभर घरंगळले आणि त्या शांततेत नायलाचा आवाज खणखणीत उठला.

"आजी, पणजोबा काय म्हणाले ग तुला?"