घरातला मेंबर

मी एक दगड बोलतोय, एका आमदाराच्या नावाचा. ऐका नाहीतर सोडून द्या, मला फारसा फरक पडत नाही.

आमदार म्हणजे जोसाया टॅगर्ट. तंबाखूची शेती करायचे, दोनदा निवडून आले. ते वारल्यावर त्यांच्या बायकोनं पाथरवटाला सांगितलं, "सभागृहात ते एकदाच बोलले. खिडकी लावा, वारं लागतंय, एवढंच." पाथरवटानं मान हलवली. माझ्यावर नाव कोरलं, खाली 'मेंबर ऑफ द हाउस' लिहिलं, आणि नावातलं एक अक्षर खाल्लं. बाईंनी थडग्यासाठी दुसरा दगड करून घेतला. मला मागच्या दाराशी पालथं घालून माझी पायरी केली.

सव्वाशे वर्षं मी तोंड मातीत घालून होतो. बूट, कुत्री, बर्फ, सगळं पाठीवरून गेलं. सुरुवातीला राग यायचा. मग तोही येईनासा झाला.

अमेरिकेतल्या कॅरी गावातलं हे घर पुढं अरुणनं घेतलं. तो आणि त्याची बायको मंजुषा दोघंही नोकरीवाले, मुलगी प्रीता शाळेत. यंदा अरुणची आई सुलेखाबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्या असतानाच मागच्या दाराशी लाकडी डेक, म्हणजे उघडा ओटा, बांधायला काढला. कामगारांनी मला पहारीनं उलटवलं.

"थांबा हो, यावर अक्षरं आहेत." सुलेखाबाई लगबगीनं आल्या. अक्षरांना इतके दिवस पाय लागले म्हणून त्यांनी वाकून मला हात लावला आणि तो कपाळाला लावला. "प्रीता, काय लिहिलंय गं?"

"मेंबर ऑफ द हाउस, आजी."

"बघा, घरातलाच माणूस निघाला. आणि तुम्ही त्याला ट्रकमध्ये घालताय."

अरुण हेडसेट काढत म्हणाला, "आई, हाउस म्हणजे विधानसभा. आमदार होता तो कुणीतरी."

"आमदार? आमचा तर पाच वर्षांतून एकदा दारात येतो. हा इतकी वर्षं दारातच आहे, म्हणजे घरचाच की. याला फेकायचं नाही."

"बरं बाई, नाही फेकत."

मला कुंपणाशी उभं केलं. सुलेखाबाई रोज मला पुसायच्या, कुंडीतलं एखादं फूल ठेवायच्या आणि बोलत बसायच्या. प्रीता इंग्रजीतच उत्तर देते, मंजुषाला वेळ नसतो, आपला गुडघा दुखतो. मला फार काही वाटायचं नाही. पण सकाळ झाली की त्यांच्या चपलांच्या आवाजाची वाट बघायचो.

शनिवारी त्या नागपूरला परत गेल्या. सोमवारी ट्रक आला. फोडून खडी करतात म्हणे. मला वर चढवत असतानाच अरुणला त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"पोचले रे. घरातले सगळे बरे आहेत ना?"

"हो आई, सगळे बरे आहेत."

"आणि कुंपणापाशी आहेत ते? सर्वपित्रीला मी इथं त्यांच्या नावाचा घास ठेवणार आहे."

अरुणनं फोन हळूच ट्रकपासून दुसरीकडं वळवला. "ठेव ना," तो म्हणाला. "मीटिंग आहे आई, नंतर कॉल करतो." मग माझ्याकडं न बघता आत गेला.

तेव्हा मात्र वाईट वाटलं. स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी.

ट्रक निघालाय. तुम्हाला कधी नागपूरला सुलेखाबाई भेटल्या, तर यातलं काही सांगू नका. तो घास त्यांना ठेवू द्या.