राखीव खुर्ची

आमच्या घरात बोलायला तोंड उघडलं की पुढचं वाक्य दुसराच कुणीतरी बोलून टाकतो. हा दोष सासऱ्यांचा. चाळीस वर्षं नाटकाच्या विंगेत उभं राहून त्यांनी अडलेल्या नटांना शब्द पुरवले. ते निवृत्त झाले, सवय झाली नाही. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात "मला जरा..." एवढंच म्हटलं, तर लगेच "पाणी हवंय?" मला पाणी नको होतं, जरा एकटं बसायचं होतं. तरी मुकाट्याने प्यायले. त्यानंतर या घरात मी मुकाट्याने काहीही केलेलं नाही. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मीही ते नाकारत नाही.

सासूबाई ती नाटकं जिथे व्हायची त्या नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर होत्या. समोर खुर्च्यांचा नकाशा, हातात तांबडी पेन्सिल. खुर्ची विकली की तिच्यावर फुली. सासऱ्यांना नाटक चाललं तर पैसे मिळायचे, सासूबाईंना दर महिन्याला पगार. त्या पगारातून घर झालं आणि त्यांच्याच नावावर राहिलं. खाली तीन खोल्या, वर दोन. "घर माझं, बोलणं ह्यांचं," असं त्या पाहुण्यांना हसत सांगायच्या.

त्या विसरायला लागल्या हे दोन वर्षं आम्हाला कळलं नाही, ते या सवयीमुळेच. "अहो, माझा तो..." म्हटलं की "चष्मा, कपाटावर." "आज येणार होती ना, ती..." की "तुझी भाची, उद्या येणार आहे." इतकं बेमालूम चालायचं की आम्ही दोघांच्या जोडीचं कौतुक करायचो.

मग सासरे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई चहाची गाळणी हातात धरून उभ्या. पाणी उकळून आटत आलेलं. "आई, काय झालं?" मी विचारलं. त्या गाळणीकडे बघत होत्या आणि मधूनच दाराकडे. शब्द नेहमी तिकडून यायचा ना.

डॉक्टरांनी सासूबाईंच्या तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं. विस्मरणाचा आजार आहे, वाढत जाणार, पण अजून सुरुवात आहे. त्यांना कळतं सगळं, फक्त वेळ लागतो. जे काही ठरवायचं असेल ते आत्ताच ठरवा.

बाहेर आल्यावर माझा नवरा म्हणाला, "बघू." कुठल्याही प्रश्नावर त्याचं हेच उत्तर असतं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते, आणि "बघू" म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी बघितलेलं आहे. एक गृहस्थ वर्षभर नळाच्या बिलावरचं नाव बदलायला यायचे. घर आईच्या नावावर, आईला काही कळेनासं झालेलं. तिची सही चालत नाही, आणि तिच्या वतीने सही करायची तर न्यायालयाची परवानगी हवी. ती मिळेपर्यंत घर भाड्याने देता येईना, आईकडे बघायला बाई ठेवायला पैसे नाहीत. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. "एक कागद वेळेवर केला असता तर," असं ते दर खेपेला म्हणायचे आणि मी दर खेपेला मान हलवायचे.

"दिवसभरासाठी एक बाई ठेवली तर आईंची पेन्शन तिथेच संपते," मी नवऱ्याला म्हटलं. "पुढे रात्रीलाही कुणी लागेल. ते कुठून आणायचं?"

"मग मी नोकरी सोडतो."

"आणि जेवायला काय, तुझं 'बघू'?"

त्याच आठवड्यात मी वकीलबाई शोधून काढल्या. त्या फक्त वयस्क माणसांचीच कामं घेत. त्यांनी समजावलं की सासूबाईंना एक अधिकारपत्र करता येईल. पुढे त्यांना निर्णय घेता आला नाही, तर घराचं आणि औषधपाण्याचं कुणी बघायचं, कसं बघायचं, ते सगळं त्यात लिहायचं. "पण ते त्यांना स्वतःला समजलं पाहिजे, आणि समजलंय हे मला दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावर मी सही घेत नाही."

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तिथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर सासऱ्यांनी वही काढलेली. वकीलबाई काय विचारतील आणि सासूबाईंनी काय म्हणायचं, सगळं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मागच्या खोलीत दोघांच्या तालमी सुरू झाल्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. सासूबाईंचं पाठांतर बघून मीही खूश होते, हे कबूल करायला हवं. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं, आणि नेमकं तेव्हाच मी ओरडले नाही.

वकीलबाईंची कचेरी एका छापखान्याच्या वर होती. दोन खोल्या, मध्ये काचेचं दार, भिंतीला फायलींची कपाटं. आम्ही चौघं ओळीने बसलो. वकीलबाईंनी हसून विचारलं, "आजी, जिना चढताना त्रास नाही ना झाला?"

सासूबाई ताठ बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे आणि ते माझ्या एकटीच्या नावावर आहे."

वकीलबाई थांबल्या. "हो का? घरी कोण कोण असतं?"

"मी हा निर्णय कुणाच्याही दबावाखाली घेत नाहीये."

सासरे पुढे झुकून पुटपुटले, "अगं, ते नंतर. आधी कुटुंबाचं." सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चेहरा पार उतरला. त्यांना कळलं होतं की आपलं काहीतरी चुकलं. ते बघून माझे डोळे भरून आले. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"आज सही होणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "दहा दिवसांनी पुन्हा या. तालीम नको. त्या दिवशीही मला दिसले ते फक्त पाठ केलेले शब्दच असले, तर मला हा कागद करता येणार नाही. मग न्यायालय."

घरी आल्यावर मी सासऱ्यांना फैलावर घेतलं. मागचीपुढची सगळी कसर काढली. "तुम्ही त्यांना बोलूच देत नाही," मी म्हटलं. "त्यांचं काय हरवलंय आणि काय शिल्लक आहे, हे आम्हाला कळणार कसं?"

त्यांनी तालमीची वही मिटली. मग म्हणाले, "नट अडला की लोक हसायचे. ते मला बघवायचं नाही. आता ही अडते आणि माझा जीव वरखाली होतो. मी काय करू?"

मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते, पण याच्यावर काय भांडणार. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपरमिंटच्या गोळ्यांची पिशवी आणून त्यांच्या हातात ठेवली. "आई बोलायला लागल्या की एक तोंडात टाकायची. संपेपर्यंत बोलायचं नाही."

पहिले दोन दिवस फार वाईट गेले. सासूबाई वाक्य सुरू करायच्या, अडायच्या, सासऱ्यांकडे बघायच्या. सासरे गोळी चघळत छताकडे बघायचे. माझा नवरा उठून बाहेर जायचा. मी मनात आकडे मोजत बसायचे, कारण नाहीतर माझ्याच तोंडून शब्द सुटला असता. तिसऱ्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मला ते जरा..." मी मोजायला लागले. दहा. पंधरा. एकोणीसला त्या म्हणाल्या, "लोणचं. आणि सगळे असे माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

मी हसले आणि रडलेही. शब्द होते. फक्त त्यांना यायला वीस आकडे लागत होते, आणि दोन वर्षांत या घरात कुणी दोनच्या पुढे मोजलं नव्हतं.

दहाव्या दिवशी वकीलबाईंनी आम्हा तिघांना काचेच्या दाराबाहेर बसवलं आणि सासूबाईंना आत नेलं. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. पहिल्याच प्रश्नाला सासूबाई थांबल्या आणि त्यांनी बाहेर बघितलं. मी सासऱ्यांकडे वळले तर त्यांचे ओठ हलत होते. प्रश्न ऐकू आलेला नाही, तरी उत्तर तयार. "बाबा, गोळी," मी म्हटलं. आत वकीलबाईंनी उठून सासूबाईंची खुर्ची फिरवली. आता आम्हाला फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता.

पाऊण तास गेला. सासऱ्यांच्या पाच गोळ्या संपल्या. माझा जीव टांगणीला लागला होता. आत ते जमलं नाही तर त्या नळाच्या बिलवाल्या गृहस्थांसारखी वर्षभर कुठल्यातरी खिडकीपुढे मी उभी राहणार होते, आणि तोवर सासूबाई आणखी किती हरवल्या असत्या कोण जाणे. मध्येच वकीलबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि सासूबाई वाकून त्यावर काहीतरी करू लागल्या.

मग दार उघडलं. "आजींना तुम्हाला काहीतरी दाखवायचंय," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना.

टेबलावर आमच्या घराचा नकाशा होता. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा काढतात तसा, चौकोन आणि ओळी. वकीलबाईंची तांबडी पेन्सिल सासूबाईंच्या हातात होती. त्या सावकाश बोलू लागल्या, मध्ये मध्ये थांबत. आम्ही कुणीही मध्ये बोललो नाही.

"रस्त्याकडच्या ह्या दोन खोल्या. भाड्याने द्यायच्या." दोन्हींवर फुली होती. "त्या भाड्यातून मला बघणारी बाई. वर तुम्ही दोघं. कुणी नोकरी सोडायची नाही." माझा नवरा खाली बघू लागला. "मी कुणालाच ओळखेनाशी झाले की मला चांगल्या... चांगल्या ठिकाणी ठेवा. माणसं सांभाळतात तिथे. लाजू नका. तेव्हा लागलं तर घर विका. पण ह्यांची राहायची सोय आधी."

"आणि हे सगळं बघायचं कुणी?" वकीलबाईंनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. ते आमच्यासमोर यावं एवढ्यासाठीच त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी नकळत पाठ ताठ केली. सासूबाईंनी पेन्सिल माझ्याकडे केली. "ही."

मी म्हटलं, "आई, मी? मी तर तुमच्याशी रोज भांडते."

"भांडतेस ना." त्या थांबल्या. मी मोजलं नाही, पण बराच वेळ गेला. "भांडायच्या आधी माझं पूर्ण ऐकतेस. हे माझ्या आधीच बोलतात. मी गप्प झाले की हे माझ्या नावानेच बोलत राहतील, आणि मला काय हवं होतं ते ह्यांनाही आठवणार नाही."

सासऱ्यांचा चेहरा बघवेना. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शब्द दिलेल्या माणसाकडे स्वतःसाठी एकही नव्हता. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

"अहो, इकडे बघा तरी," सासूबाई म्हणाल्या. नकाशात मागच्या खोलीत त्यांची खाट काढलेली होती. खाटेला लागून एक छोटा चौकोन. त्यावर फुली नव्हती. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'राखीव'. "ही खुर्ची तुमची. ही मी कधीच विकली नाही."

सासऱ्यांनी मान हलवली. गोळी तोंडात नसतानाही ते बोलले नाहीत.

वकीलबाईंनी मजकूर टाइप करून आणला, वाचून दाखवला, पुन्हा एकदा सासूबाईंना एकटीला बसवून समजलं का ते विचारलं. खालच्या छापखान्यातली दोन माणसं साक्षीदार म्हणून वर आली. सासूबाईंनी पेन हातात घेतलं, नावाची पहिली दोन अक्षरं काढली आणि थांबल्या. पेन कागदावर टेकलेलं तसंच. मी वीसपर्यंत मोजलं. तीस. साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा नवरा काहीतरी म्हणणार होता, तेव्हा सासऱ्यांनीच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मी चाळीसच्या पुढे गेले तेव्हा पेन हललं. उरलेली अक्षरं सावकाश उमटली, शेवटी खालची रेघसुद्धा आली. सासूबाईंनी टोपण लावलं आणि सासऱ्यांकडे वळल्या.

"आज तुम्ही काही सांगितलं नाहीत ते?"

"आज वाक्य तुझं होतं," सासरे म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून एक गोळी काढून सासूबाईंना दिली.