मथुराबाईंची मिश्री

मथुराबाईंनी चाळीस वर्षं लावलेली मिश्री एका दिवसात सोडली, यावर हिंजवडीत कुणाचा विश्वास बसला नाही. बसावा असं ते व्यसनच नाही. तव्यावर तंबाखू भाजायचा, कुटायचा, सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना घासत ओट्यावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची. जमिनी कंपन्यांना गेल्या, म्हशी गेल्या, पण गावातल्या बायकांची ही बैठक काही मोडली नव्हती.

त्यांच्या मुलाच्या, दिग्विजयच्या, गाड्या कंपन्यांच्या माणसांची ने-आण करायच्या. सून शेफाली खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. नातू ऋषी झाला तेव्हा शेफालीनं स्पष्टच सांगितलं, "आई, तंबाखूचा हात बाळाला लागायला नको." दिग्विजयनं आईला वाकडला दातांच्या डॉक्टर उत्कर्षाबाईंकडे नेलं. जबड्याचा एक्स-रे काढला, दात साफ करून घेतले, आणि घरी आल्यावर आईला ऋषीच्या डोक्यावर हात ठेवून मिश्री सोडायची शपथ घ्यायला लावली. मथुराबाईंनी घेतली.

पण हिरड्यांतलं रक्त थांबेना. तोंडाला वास यायचा. रात्री मोरीतला नळ वाजायचा. आई उठायची, तांब्या भरायची, पुन्हा थोड्या वेळानं उठायची. चोरून लावते आणि चूळ भरते, असा दिग्विजयनं निकाल लावून टाकला. तो वाईट मुलगा नव्हता. आपल्याला सगळं कळतं, एवढाच त्याचा जुना रोग होता.

"लावतेस ना?" तो विचारायचा.

"न्हाय रं."

"मग रक्त कसं येतं?"

शेफाली बाळाला उचलून आत जायची आणि दार लोटून घ्यायची. दिग्विजय बोलणं टाकायचा. आपल्या लेकराच्या डोक्यावरची शपथ आईनं मोडली, हे त्याला फार लागलं होतं. दोन-तीन महिने घरात असंच धुमसत राहिलं, आणि एका संध्याकाळी मथुराबाई म्हणाल्या, "व्हय. लावते."

झालं, मिटलं प्रकरण. आता हिरडी सुजली, दात हलला, तरी घरात सगळ्याला एकच कारण होतं. करावं तसं भरावं, म्हणून डॉक्टरांकडेही कुणी नेलं नाही. मग एक दिवस जेवताना दात भाकरीबरोबर हातात आला, दुसऱ्या बाजूचा गाल टम्म फुगला, तेव्हा कुठं दिग्विजयनं गाडी काढली.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला आणि गेल्या वर्षीच्या शेजारी पडद्यावर लावला. दाताच्या मानेपासून हाडाच्या काठापर्यंत त्यांनी एकेक रेघ ओढली. जुन्या फोटोत रेघा आखूड होत्या. नव्यात कुठं दुप्पट, कुठं त्याहून लांब. दिग्विजयला दातांतलं काही कळत नव्हतं, पण जमीन किती खचली हे कुणालाही दिसलं असतं.

"एका वर्षात एवढं हाड गेलं," डॉक्टर म्हणाल्या. "मिश्री लावता का अजून?"

मथुराबाईंनी मुलाकडे पाहिलं. "व्हय."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा."

डॉक्टरांनी पुन्हा तोंडात आरसा घातला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "आजी, दोनदा लावली असती तर दात काळे झाले असते. मी साफ केले होते, अजून तसेच आहेत. आणि तंबाखूवाल्या हिरड्यांतून सहसा इतकं रक्त येत नाही. रात्री तहान लागते?"

"लय. उठून उठून पानी पिते. मग मोरीत जावं लागतं."

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला तो जेवणानंतर असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त होता. साखर. बरीच जुनी असणार, त्या म्हणाल्या. रक्तात साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि आतल्या आत हाड खातो. वर्षभरापूर्वी तपासली असती तर यातले बरेच दात राहिले असते. गेल्या वेळी आपणही मिश्रीवरच बोट ठेवलं, हेही त्यांनी मान्य केलं. आता खालचे सगळे काढावे लागतील, आणि आधी साखर आटोक्यात आणावी लागेल.

परतताना गाड्यांच्या रांगेत ते अडकले. दिग्विजयच्या कानात त्या नळाचा आवाज घुमत होता. आई तहानेनं उठत होती आणि आपण अंथरुणात पडून तिच्यावर पाळत ठेवत होतो. त्याला स्वतःची शिसारी आली.

"शपथ मोडली नव्हतीस ना?"

"पोराच्या डोस्क्यावर हात ठिवून सोडली, ती सोडली."

"मग हो कशाला म्हणालीस? डॉक्टरांपुढं पण?"

मथुराबाई गालावर हात धरून बसल्या होत्या. बोलताना दुखत होतं, तरी बोलल्या.

"न्हाय म्हनलं की तू हप्ता हप्ता बोलत न्हवतास. व्हय म्हनले, त्या दिशी माझ्यापाशी बसलास. सोताच्या हातानं च्या करून दिलास, चांगला गोड."