रविवारची मोजणी

जमीन घेताना काय काय पाहावं, ते श्यामसुंदर देवस्थळेंना विचारा. चंडीगडला सेक्टर एकोणचाळीसच्या प्रयोगशाळेत हिशेब तपासणारा हा माणूस मोहालीतल्या एका प्लॉटमागे असा लागला होता, की बघणाऱ्याला वाटावं मुलीसाठी स्थळ बघतोय. कागद पहिल्या मालकापर्यंत तपासून झाले. रस्त्याची रुंदी बघून झाली. पाणी कुठून कुठे वाहतं ते कळावं म्हणून भर पावसात छत्री घेऊन तिथे उभं राहूनही झालं. घर पाहावं बांधून म्हणतात; यांचं पाहणंच संपेना.

प्लॉट स्वस्त होता, कारण काळ वाईट होता, पंजाबातल्या दहशतवादाचा. गोळीबाराच्या बातम्या, जागोजाग नाके, दिवे लागायच्या आत सगळे घरात. ज्याला जमेल तो विकून निघालेला. ऑफिसातला विलास म्हणायचा, "देवस्थळे, हीच वेळ आहे यार. लोक घाबरलेत तोवर घेऊन टाका. पाच वर्षांत दुप्पट, पक्का!"

दुप्पट कोणाला हवं होतं? आदल्या वर्षी बसमधल्या गोळीबारानंतर बायको रत्नप्रभा आणि मुलगी वीणा अमरावतीला गेल्या होत्या, वातावरण निवळेपर्यंत म्हणून. सरकारी क्वार्टरसाठी कोण परत येणार? स्वतःची जागा असली तर येतील, असं देवस्थळेंच्या मनाने घेतलं होतं. बदलीच्या माणसाने झाड लावू नये, मेथी-कोथिंबीर लावावी, हा त्यांचा जन्माचा नियम. पण या प्लॉटवर त्यांनी लिंबाच्या झाडाची जागासुद्धा मनात ठरवून टाकली होती. हे मात्र ते कोणाला बोलले नव्हते. एकट्या माणसाचे बेत असेच असतात, हसायलाही कोणी नसतं.

प्लॉटचे मालक गुरनामसिंग शेजारच्याच घरात राहायचे. कालवे खात्यातून निवृत्त, बायको वारलेली. धाकट्या भावासाठी घेतलेली ही जागा. भाऊ इंदूरला गेला तो परत येईना. आजूबाजूच्या घरांना कुलपं. संध्याकाळी त्या गल्लीत एकच दिवा लागायचा, तो यांचा. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते एकच विचारायचे, "बनाओगे कब?" गिऱ्हाईक हसायचं. "बनाना किसको है जी! रखेंगे, बेच देंगे." मग सरदारजी भाव असा चढवायचे की माणूस पुन्हा फिरकायचा नाही.

देवस्थळे मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "परिवार आ जाए, फिर तुरंत." तेव्हापासून दर रविवारी टेप निघायची. एक टोक यांच्या हातात, एक त्यांच्या. मोजून झालं की चहा आणि खारी, खुसखुशीत मठरी, आणि जेवायला थांबायचा आग्रह. हिशेबनीस माणूस चोख मोजतो यात नवल नाही. पण तीच जमीन इतक्यांदा?

शेवटी एका शनिवारी त्यांनी अमरावतीला फोन लावला. फोन वीणाने उचलला. चंडीगडला असताना ही पोर मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची आणि देवस्थळे चिडायचे. आता ती खणखणीत ओरडली, "आई, बाबांचा फोन आलाय, लवकर ये गं!" ते ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही.

रत्नप्रभा म्हणाली, "कागद चोख आहेत ना? मग घेऊन टाका. गुंतवणूक म्हणून वाईट नाही."

"आणि तुम्ही दोघी? घर बांधलं तर?"

"अहो, तिथे घर कशाला? वीणा इथे रमलीय, शाळा चांगली मिळालीय. तुमची बदली होईलच की. आम्ही नाही आता तिकडे येत."

रविवारी ते नेहमीच्या वेळी मोहालीला गेले. गुरनामसिंग टेप घेऊन फाटकात उभेच होते. दोघांनी एक बाजू मोजली. मग देवस्थळेंनी आपलं टोक खाली ठेवलं.

"सरदारजी, मैं नहीं बनाऊँगा. कोई नहीं आ रहा."

म्हाताऱ्याने हळूहळू टेप गुंडाळली. कुलूप लावलेल्या घरांकडे एकदा पाहिलं.

"तो फिर रखोगे?"

"नहीं जी. रखने के लिए नहीं चाहिए थी."

देवस्थळेंनी चष्मा पुसायला काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. आता इथे यायला काही कारण उरलं नव्हतं. आठवड्यातून एकदा कोणी "खाना खाया?" विचारायचं, तेही गेलं. ते निघणार, तेवढ्यात गुरनामसिंग पलीकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले,

"उस कोने में मुझे शक है, साहब. चार इंच का फर्क लगता है. अगले इतवार फिर नापना पड़ेगा."

त्या कोपऱ्यात फरक नव्हता. देवस्थळेंना तो पाठ होता.

"हां जी," ते म्हणाले, "नापना तो पड़ेगा."