समुद्राकडे तोंड केलेली पाटी

लेमसाई गावात पौर्णिमेला पाप होत नसे. सगळ्या बोटी धक्क्याला बांधलेल्या, त्यांच्या पुढच्या टोकाला बोटीची राखण करणाऱ्या बोटमातेसाठी गुंडाळलेली नवी रंगीत फडकी, आणि माणसं पांढरे कपडे घालून विहारात. त्यातही लमोमच्या नवऱ्याचा, थाविनचा, आवाज सगळ्यांच्या वर. "आज जीव मारणार नाही" हे तो अशा सुरात म्हणे की खांबावरच्या पालीनेही निर्धास्त व्हावं.

खरं सांगायचं तर पौर्णिमेला बोट नेऊन करायचं काय? इथे धरायचं ते माकुळ, म्हणजे स्क्विड, आणि तेही दिव्यावर. काळोखात बोटीचे हिरवे दिवे पेटले की माकुळं उजेडाला भुलून वर येतात आणि जाळ्यात सापडतात. पण आभाळात चंद्रानेच दिवा लावलेला असला की बोटीच्या दिव्याला विचारतो कोण? जाळं रिकामं, डिझेल फुकट. मग घरीच राहायचं. आणि राहायचंच आहे, तर व्रत म्हणून का राहू नये? हे गावात कुणी कुणाला बोलून दाखवत नसे.

लमोमचं व्रत निराळं होतं. एका वादळात थाविनची बोट परतेना, तेव्हा तिने हात जोडून बोलून ठेवलं होतं की माणूस घरी येऊ दे, मग प्रत्येक खेपेतलं पहिलं माकुळ आधी भिक्षापात्रात, नंतर आमच्या तोंडात. माणूस आला. पुढे आजारपणं आली, लेकीचं लग्न आलं, सासू गेली. व्रत चुकलं नाही. ताडगूळ, लसूण आणि कोथिंबिरीची मुळं घालून ती माकुळ त्याच्याच काळ्या शाईत शिजवी आणि उजाडताना भिक्षेला येणाऱ्या भिक्खूंसाठी रस्त्याकडेला उभी राही. खेप नसेल त्या दिवशी अंडी.

या पावसाळ्यात विहारात नवे थोरले भिक्खू आले. सगळे त्यांना लुआंग-पो म्हणत. ते भाताच्या मुलखातले. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो इथेच. पौर्णिमेला ओळीने बांधलेल्या बोटी पाहून त्यांचे डोळे भरून आले. "स्वतःच्या पोटावर पाय देऊन शील पाळणारं गाव!" त्यांनी तालुक्याच्या साहेबांना कळवलं. साहेबांना असं काहीतरी हवंच होतं. त्यांनी पाटी रंगवायला टाकली, 'शीलवान गाव लेमसाई'. तिच्यासमोर फोटो काढायचा म्हणून थाविनने नवा सदरा शिवायला टाकला.

पुढच्या पौर्णिमेच्या प्रवचनात लुआंग-पो म्हणाले, "तुमच्यासारख्या उपासकांना एवढंसं पुण्य कसं पुरणार? अमावास्याही बुद्धाचाच दिवस. येत्या अमावास्येलाही बोटी बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी लावू."

विहारात पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. अमावास्या म्हणजे माकुळवाल्यांची दिवाळी. सगळ्यांनी थाविनकडे पाहिलं, थाविनने छताकडे पाहिलं. मग त्याला पाटी आठवली, सदरा आठवला, आणि तो होकार देत म्हणाला, "साधु." त्याच्यामागून बाकीच्यांनीही "साधु, साधु" म्हटलं, दाढ उपटून घेतल्यासारखं.

अमावास्येच्या संध्याकाळी थाविन बर्फाची खोकी बोटीवर चढवू लागला.

"अहो, व्रत आहे ना आज?" लमोम हळूच म्हणाली.

"व्रत मारायचं नाही असं आहे. आम्ही कुठे मारतो? आम्ही दिवा लावतो. दिवा लावणं पुण्यच. ती आपणहून येतात. पाण्याबाहेर काढली की आपली आपण मरतात. त्यात माझा काय दोष?"

"मग इथेच लावा की, विहारासमोर."

थाविनने पुढचं खोकं उचललं. "बगळ्यांच्या बेटामागे जातो, तिकडचा उजेड इकडून दिसत नाही. आणि हे बघ, सकाळी भिक्षेत अंडी घाल. मी उकडून ठेवलीत."

लग्न झाल्यापासून त्याने चुलीपाशी पाऊल टाकलं नव्हतं, आणि आज अंडी उकडली होती!

खाडीच्या तोंडापर्यंत इंजिन न लावता, बांबूने ढकलत बोट गेली.

पहाटे तो परतला तो फणफणतच. "काय हे लोक! लाज नाही, शरम नाही! बेटामागे गेलो तर आख्खं गाव तिथे! जत्रा भरलेली नुसती. पौर्णिमेला साधु साधु म्हणत होते, आणि आज रात्री खुशाल समुद्रात! मला पाहून वर विचारतात, थाविनकाका, तुम्ही इकडे कुठे? असल्या गावाला पाटी देतायत!"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुमच्यावर लक्ष ठेवायला आलोय." त्याने टोपली तिच्यासमोर ठेवली. वरच्या माकुळाच्या कातडीवरचे ठिपके अजून उमलत-मिटत होते. "मला काळं कालवण कर, भूक लागलीय. भिक्षेत मात्र अंडी."

लमोमने कालवण शिजवलं. पहिलं माकुळ वेगळ्या डब्यात काढलं. ते वाढलं तर भर गावात नवऱ्याची शोभा. नाही वाढलं तर वादळातला शब्द खोटा. तिने तो डबा आणि अंड्यांचा डबा, दोन्ही ताटात ठेवले आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

शेजारच्या प्रयोंगने नाक वर केलं. "काय गं, अंडी इतका खमंग वास मारतात?"

"तुझीही मारतायत," लमोम म्हणाली.

"बाई, तसलं काही वाढू नकोस हं. तुझ्या खरेपणाने गाव बुडेल."

"बोटी तर सगळ्या सुखरूप परतल्या म्हणे."

तेवढ्यात अनवाणी पावलांनी लुआंग-पो आले. "रात्री बेटामागे आभाळ हिरवं दिसत होतं," ते कौतुकाने म्हणाले. "काय असावं?"

"देवता उतरल्या असतील, लुआंग-पो!" प्रयोंगने हात जोडले. "तुमचाच पायगुण."

त्यांनी पात्र लमोमपुढे धरलं. वादळाच्या रात्री दाराला धरून ती कशी उभी होती, हे तिला आठवलं. अंड्यांचा डबा तिने खाली ठेवला आणि दुसरा उघडला. पात्रात आधी पांढरा भात होता; त्याच्या शेजारी काळंभोर कालवण पडलं. प्रयोंगने डोळे मिटून घेतले.

सकाळी धक्क्यावर साहेब आले, पाटी आली, फोटोवाला आला. थाविन नव्या सदऱ्यात पुढे उभा होता. त्याच्यामागे गाव, आणि सगळ्यांची तोंडं घट्ट मिटलेली. ताज्या माकुळाची शाई दातांना धरते, ती लवकर सुटत नाही. आणि त्या सकाळी गावात एकही घर उपाशी नव्हतं.

"जरा हसा," फोटोवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

"काय ही गंभीर वृत्ती!" साहेब भारावले. "हेच खरं शील!"

लुआंग-पो आले आणि प्रसन्न हसले. दात, ओठ, जीभ, सगळं काळंकुट्ट.

"लुआंग-पो, हे… दात?" साहेबांनी विचारलं.

"भिक्षेत आलं ते जेवलो. फार गोड होतं. लमोम, काय होतं गं ते?"

"रात्रीच्या खेपेतलं पहिलं माकुळ."

"रात्री तर अमावास्या होती."

"हो, लुआंग-पो."

थाविनला राहवेना. "पण आम्ही मारत नाही! ती आपली आपण…" त्याने आ वासला आणि साहेबांना आतला काळोख दिसला. साहेब एकेकाकडे पाहू लागले. ज्याच्याकडे पाहावं त्याचे ओठ अधिकच मिटत.

लुआंग-पोंनी लमोमला विचारलं, "मग पौर्णिमेला का नाही जात हे लोक?"

"चांदण्यात माकुळं वर येत नाहीत, लुआंग-पो."

ते पाण्याकडे वळले. "म्हणजे ते व्रत माकुळं पाळत होती."

"तसंच म्हणायचं."

"पाटी रंगवलीय ती वाया कशाला घालवायची?" लुआंग-पो साहेबांना म्हणाले. "लावा. फक्त तोंड तिकडे करा, पाळणाऱ्यांना वाचता येईल अशी."

पाटी धक्क्याच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून लागली. थाविनच्या ओसरीवरून तिची नुसती मागची फळी दिसते, आणि तो रोज तिच्याकडे बघून धुसफुसतो.

"बिनडोक कारभार सगळा! पौर्णिमेला अक्षरं लख्ख दिसतात, तेव्हा माकुळं वर येत नाहीत. आणि अमावास्येला येतात, तेव्हा अंधारात काय वाचणार कपाळ?"

लमोम तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग अमावास्येला पाटीपाशी एक दिवा लावा की. दिवा लावणं पुण्यच."