भिंतीकडे तोंड

मामाच्या दुकानातलं औषधांची लेबलं छापणारं यंत्र तीन दिवस रुसून बसलं होतं. मामा ते भंगारात काढणार, म्हणजे त्यावर काम करणारी भाचीही रिकामी होणार. तिने छोटा प्रोग्राम लिहिला आणि कॉम्प्युटरच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, सिस्टिम कॉलने विचारून त्याचे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे त्याने नोंदलेले आकडे आणि सेटिंग, वाचले. यंत्र ज्या पोर्टला जोडलं होतं, त्याचा आकडा त्यात चुकीचा होता. तो कुणी घातला, हे विचारणं तिने शहाणपणाने टाळलं. बदलायला गेली, तर कर्नेलने साफ नकार दिला.

"वाचायला कुणीही चालतं, मामा. बदलायला रूटचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मालकाचा, पासवर्ड लागतो."

तो मामाने अकरा वर्षांत मामीलाही सांगितला नव्हता. "आणि बिघडवून ठेवलंस तर?"

"बदल मेमरीतच राहतो. कॉम्प्युटर बंद करून चालू केलास की तुझा जुना आकडा हजर!"

इतका बिनधोक सौदा मामाला आयुष्यात कुणी देऊ केला नव्हता. भाचीला भिंतीकडे तोंड करायला लावून त्याने पासवर्ड टाकला. तिने आकडा बदलला, यंत्र चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम पुन्हा लोड केला. यंत्र कुरकुरलं आणि लेबल बाहेर आलं.

मामाने ते दोनदा वाचलं.

"हा आकडा कॉम्प्युटर चालू होताना वाचतो त्या बूटच्या फाइलीत कायमचा टाक. आणि पासवर्डही नवा तूच ठेव. मी बघतो भिंतीकडे."