खालच्या पट्टीतलं गाणं

"बंद कर ते," यास्ना म्हणाली.

निबाल्दोने उठून खिडकी लावली. समुद्रावरून गार वारा येत होता, त्यामुळे तिला खिडकीचंच म्हणायचं असणार, असं त्याला वाटलं.

"खिडकी नाही रे बाबा. ते. माझं तोंड बंद कर."

टेबलावरच्या स्पीकरमधून यास्नाच गात होती, पण तिशीतली यास्ना. उंच, पातळ, जराही न अडखळणारा आवाज. निबाल्दोने बटण दाबलं. स्वयंपाकघरात किटलीची सूं सूं तेवढी उरली.

"कुणाला कळणारसुद्धा नाही," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तू माइकसमोर उभी राहायचंस, ओठ हलवायचेस. नाहीतरी आपल्या गाण्यात अर्धं काम यंत्रंच करतात."

"मग उरलेलं अर्धंही त्यांनाच दे. मी घरी बसून मोजे विणते."

"भांडा, भांडा," कोपऱ्यातून दोन्या एदेल्मीरा म्हणाल्या. निबाल्दोच्या या आई. पावावर पाल्ता, म्हणजे अवोकाडो, चुरडून लावता लावता त्यांचे कान इकडेच होते. "निदान काहीतरी ऐकू तरी येईल. इतकी वर्षं या घरात बँड आहे म्हणे. मला नुसती टकटक ऐकू येते."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. चिलीच्या किनाऱ्यावरच्या तोमे गावातल्या त्या घराच्या भिंती इतक्या पातळ, की शेजाऱ्याची शिंकही ऐकू यावी. म्हणून दोघं पहिल्यापासून कानाला हेडफोन लावून सराव करायचे. बाहेर ऐकू यायचा तो फक्त कीबोर्डच्या पट्ट्यांचा आवाज आणि यास्नाची अर्ध्या गळ्यातली कुजबुज. आईला त्यांचं एकही गाणं कधी धड ऐकायला मिळालं नव्हतं, आणि बार, पब असल्या ठिकाणी ती पाऊल टाकणाऱ्यातली नव्हती.

बँडचं नाव 'लूस दे पातिओ', म्हणजे अंगणातला दिवा. निबाल्दोने एका प्रार्थनाघराने टाकून दिलेला कीबोर्ड दुरुस्त केला, तिथून सगळं सुरू झालं. 'दोरीवरचे कपडे' हे त्यांचं गाणं एका उन्हाळ्यात जवळच्या कोन्सेप्सिओन शहराच्या रेडिओवर सारखं वाजत होतं. तेव्हा सान्तियागोहून एका कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, मुलगी हवी, हा वॉशिंग मशिनवाला नको. यास्नाने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्यानंतर कुणी आलं नाही. निबाल्दो आपल्या दुकानात मशिनं दुरुस्त करत राहिला, यास्ना औषधांच्या दुकानात उभी राहिली, आणि दर दोन-तीन वर्षांनी दोघं मिळून घरच्या घरी एक तबकडी काढत राहिले. ऐकणारे थोडे होते, पण जीव लावणारे होते. लांब मेक्सिकोतली पोरं पत्रं पाठवायची.

मग यास्नाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, तब्येत सुधारली. पण आवाज जो खाली बसला तो पुन्हा वर चढलाच नाही. आता गावाच्या वर्धापनदिनाला पालिकेने त्यांना बोलावलं होतं, आणि निबाल्दोने जुन्या टेपांमधून तिचा आवाज अलगद सुटा करून आणला होता.

"त्या पोरीला गायला नेणार असशील तर खुशाल ने," यास्ना म्हणाली. "सोमवारी दुकानातही तिलाच पाठव. गिऱ्हाइकं खूश होतील."

ती हसत बोलली, पण कप खाली ठेवताना बशीत चहा सांडला.

 सबंध हिवाळाभर निबाल्दो आपल्या दुकानात त्या आवाजासोबत राहिला होता. त्या आवाजावर त्याचं प्रेम होतं, नाही कशाला म्हणा. आपण तिला तिची हरवलेली वस्तू शोधून देतोय, असं त्याला वाटत होतं. समोर बसलेल्या बाईला आपण निवृत्त करतोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. "आता कुठली पट्टी जमते तुला?"

"माहीत नाही. मी बघितलंच नाही."

"इथे?"

तिने गळ्यावर हात ठेवला, सूर लावला, मान हलवली. "अजून खाली."

"इथे?"

"तिथे मी नाक्यावरच्या मासेवाल्या बाप्यासारखी वाटते."

"वाटू दे की. गाण्याला चालतंय."

"चांगला आवाज आहे पोरी," दोन्या एदेल्मीरा म्हणाल्या. "मासेवाल्याचापण."

"मावशी, तुम्ही तरी नका हो!" यास्ना म्हणाली, आणि या वेळी खरंच हसली.

सगळी गाणी यंत्रात नुसती खाली उतरवली तर नुसता चिखल ऐकू येत होता. त्यामुळे निबाल्दोने दुकान लवकर बंद करून एकेक सूर नव्याने बांधायला घेतला. यास्ना कामावरून थेट त्याच्याकडे यायची. हेडफोन, टकटक, कुजबुज. सगळं छान जमत होतं. ऑपरेशननंतर ती मोकळ्या गळ्याने एकदाही गायली नाहीये, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला रविवारी दुपारी शाळेची व्यायामशाळा भरली होती. दोन्या एदेल्मीरा पहिल्या रांगेत मांडीवर शाल घेऊन बसल्या होत्या. सुरुवातीची दोन गाणी हळू आवाजाची होती, ती निभावली. मग निबाल्दोने 'दोरीवरचे कपडे' लावलं आणि लोक उठून नाचायला लागले.

यास्नाने गळा मोकळा सोडला. आवाज आला, खरखरीत, भरदार. पण दुसऱ्या ओळीतच तिचा श्वास संपला. ताल पुढे निघून गेला. तिने तिसरी ओळ उशिरा पकडली, पुन्हा मागे पडली. सुटलेल्या बसमागे धावावं तशी ती गाण्यामागे धावत होती. तिने निबाल्दोकडे पाहिलं. स्टेजवर आजवर तिने त्याच्याकडे पाहिलं होतं ते चेष्टेने. आज ती घाबरली होती.

निबाल्दोने ताल बंद केला. सगळी यंत्रं थांबवली.

आठवडाभर बांधलेलं सगळं गेलं. उरला एक कीबोर्ड आणि त्याचे दोन हात, आणि हातांनी वाजवण्यात तो काही उस्ताद नव्हता. आयुष्यभर त्याने यंत्रांना शिकवलं होतं. त्याने भीत भीत दोन सूर धरले. नाचणारे लोक जागच्या जागी उभे राहिले. यास्नाने एक ओळ म्हटली, सावकाश, पूर्ण. मग श्वासासाठी ती थांबली.

लोकांना वाटलं, गाणं संपलं. भली माणसं ती, टाळ्या वाजवू लागली. मागून कुणी शिट्टी मारली. पुढच्या ओळीसाठी उघडलेलं यास्नाचं तोंड मिटलं.

निबाल्दोने डावा हात वर केला. या माणसाने जन्मात कधी कुणाला गप्प बस म्हटलं नव्हतं. टाळ्या विरत गेल्या. उजव्या हाताने त्याने तोच सूर धरून ठेवला आणि यास्नाकडे बघत राहिला.

तिने श्वास घेतला. अर्धा नाही, पुरता घेतला. त्या श्वासाला वेळ लागला. निबाल्दोने वर धरलेला हात खाली आणला नाही.